ओवी बसलेली खुर्ची

घडीची खुर्ची घेताय बाळाला? मग मळवलीच्या बंगल्यावर काय झालं ते ऐकाच.

माझी चुलतवहिनी सुनंदा वर्षाच्या लेकीला, ओवीला, घेऊन त्या बंगल्याची राखण करते. पाहुण्यांचं बाळ येणार म्हणून मालकांनी तिला स्वस्तातली घडीची उंच खुर्ची आणायला सांगितलं. मी दिल्लीहून शिकून नुकताच परतलेलो, अंगात उत्साह फार. लोणावळ्याच्या दुकानात मीच एकेकीचा पट्टा ओढून, पाय हलवून पाहिले आणि डगमगत नव्हती ती निवडली.

बंगल्यावर आल्यावर म्हटलं, "वहिनी, आधी आपल्या ओवीला बसवून बघू."

"नगं भावजी, कॅमेरा हाय."

"असू दे की! लेकरूच आहे ना?"

ओवी बसली, ट्रेवर थापा मारून खिदळली. तेवढ्यात मालकांचा फोन.

"तुझी मुलगी बसली ना त्यात? आता ती खुर्ची पाहुण्यांना कशी द्यायची? दुसरी आण."

मी फोन ओढायला गेलो, तर वहिनीनं माझा हात धरला. "गप ऱ्हावा. तुमी बोलाल, आन काम माजं जाईल."

दुसरी आणली, अगदी तशीच. पण रविवारी पाहुण्यांचं बाळ तिच्यात बसेचना, नुसतं रडत राहिलं. वहिनी स्वयंपाकघरात होती, ओवी माझ्या कडेवर. पाहुण्यांनी मालकांना फोन केला आणि मालकांनी वहिनीला. या वेळी आवाज एकदम मऊ.

"सुनंदा, त्याला तुझ्या मांडीवर घे गं आणि भरव. तुला सवय आहे."