गरम पाण्यातला साचा

(टेलरचं स्वयंपाकघर. फोनचा स्पीकर चालू.)

बायको : मॅडम, यांच्या हाताला आधार म्हणून बसवलेला प्लॅस्टिकचा साचा गेला हो! मळला म्हणून कढत पाण्यात घातला, तर पार पापुद्रा झाला.

फिजिओ मॅडम : हातातून काढलात? बोट वाकवणारी शीर शिवून तीनच आठवडे झालेत, ताई!

बायको : झोपले होते, म्हणून हळूच काढला. तुम्हीच म्हणाला होतात ना, हे प्लॅस्टिक मातीत विरतं. मला वाटलं, पाण्यानंच विरलं.

मॅडम : मातीत विरायला वर्षं लागतात. साठ अंशांवर ते नुसतं मऊ होतं, गार झालं की परत कडक. इथे येईपर्यंत हात उघडा नको. पाणी तापवा, पण उकळू नका, आणि साचा त्यात सोडा.

टेलर : अगं, रडतेस काय? बघ, पांढरं होतं ते काचेसारखं झालं.

मॅडम : मग झालं तयार. बाहेर काढा, पुसा, चटका बसत नाही ना बघा. हातावर मोजा चढवून त्यावर ठेवा. दोन मिनिटं आहेत.

बायको : ठेवला. आता ओढून बसवू का हो?

टेलर : ओढू नकोस. ओढलं की पातळ होतं. अस्तर सोडतात तसं सोड, आपल्या वजनानं पडू दे. हां. आता मनगटाशी दाब.

बायको : इतकी वर्षं कात्रीला हात लावू दिला नाहीत, आणि आज शिकवताय!

मॅडम : पांढरा व्हायला लागला?

बायको : हो. बसला, मॅडम, अगदी बेतून दिल्यासारखा!

मॅडम : शाब्बास. आता बोटं बघा. हात सैल सोडल्यावर चारही सारखीच वाकलीत?

बायको : तीन वाकलीत. मधलं... मधलं सरळच आहे. अगं बाई, माझ्यामुळं तुटली का हो शीर?

मॅडम : नुसतं धुतल्यानं नाही तुटत. दादा, हाताला जोर दिला होतात?

टेलर : ...मंगळवारी. दोन कोट अडले होते. साचा काढून कात्री धरली. आतून टक् झालं.

मॅडम : तीन दिवस गप्प बसलात? परत शिवता येईल, पण आता थांबू नका. लगेच निघा.

टेलर : चप्पल दे गं.

बायको : मग मघापासून मला रडू का दिलंत?