चार नंबरचा गोल

चष्मेवाला : परत सांग. सावकाश. मी उठलो तिथपासून.

बायको : आधी ते हेल्मेट काढा. घरात आलोय आपण.

चष्मेवाला : हेल्मेट राहू दे. मी गाडी काढायला उठलो तेव्हा आपण दोन-शून्यनं मागे होतो. आठ मिनिटं उरली होती. बरोबर?

बायको : मिनिटं मी नाही मोजली. तुम्ही म्हणालात, गर्दीच्या आत निघू, तू पाच मिनिटांनी गेटवर ये.

चष्मेवाला : आणि तू वीस मिनिटांनी आलीस.

बायको : शर्टाचं एक काज अर्धं राहिलं होतं. म्हटलं, दोरा संपेपर्यंत बसावं. तेवढ्यात पहिला झाला. मग म्हटलं, आता झालाच आहे तर बघावं.

चष्मेवाला : पहिला.

बायको : मग दुसरा झाला. मग तिसरा. मग शिट्टी वाजली आणि मी निघाले. हे तिसऱ्यांदा सांगतेय. मला बॉबिन भरायचीय हो.

चष्मेवाला : एकतीस वर्षं. एकतीस वर्षांत आपल्या टीमनं नदीपलीकडच्यांना एकदाही हरवलेलं नाही. आणि तू म्हणतेस, आज तीन-दोन.

बायको : मी काही म्हणत नाही. तिथल्या पाटीवर लिहिलं होतं.

चष्मेवाला : मग रस्त्यात का नाही सांगितलंस?

बायको : सांगणार होते. सिग्नलला तोंड उघडलं, तर तुम्ही म्हणालात, मॅचबद्दल एक अक्षर काढलंस तर इथेच उतरवीन.

चष्मेवाला : समोरच्या कॅलेंडरवर काय तारीख आहे?

बायको : आता हे काय?

चष्मेवाला : तुझा नंबर उणे दीड. डाव्या डोळ्याचा पावणेदोन. मीच काढलाय. डावा झाक आणि वाच.

बायको : एकोणीस. खाली बारीक अक्षरात तुमच्या दुकानाचा पत्ता, आणि त्यात "चष्म्याचे" मधला "ष्" पोटफोड्या नाही, शेंडीफोड्या काढलाय. आणखी?

चष्मेवाला : म्हणजे चष्मा घातला होतास.

बायको : हो. दुभिंगी आहे ना, काजं करतानाही काढत नाही मी.

चष्मेवाला : मी कधी अर्धवट उठलोय? दातानं गाल सुजला होता तेव्हा शेवटच्या शिट्टीपर्यंत बसलो. ताप होता तेव्हा चादर गुंडाळून बसलो. आपली लेक झाली त्या दिवशीसुद्धा मी मैदानावर होतो.

बायको : ते माझ्या चांगलं लक्षात आहे.

चष्मेवाला : आज पहिल्यांदा उठलो. तेही तुझ्यासाठी. सिमेंटच्या पायरीवर तुझी कंबर दुखत होती.

बायको : मी म्हणाले तसं?

चष्मेवाला : चेहऱ्यावर दिसत होतं.

बायको : चेहरा माझा तसाच आहे. लग्नाआधीपासून.

चष्मेवाला : तू यायलाच नको होतंस. कधी येत नाहीस ती आजच कशी आलीस?

बायको : मैदानामागे त्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना कोट घालून दाखवायचा होता. म्हटलं, परत येताना तुमच्या गाडीवर येईन, रिक्षा कशाला. चुकलंच माझं. बसा तरी खाली.

चष्मेवाला : पहिला कोणी मारला?

बायको : मारला असं नाही म्हणता येणार.

चष्मेवाला : म्हणजे?

बायको : तो अकरा नंबर आहे ना, ज्याच्या पँटचं इलॅस्टिक गेलंय, तो खाली वाकून मोजा वर ओढत होता. बॉल मागून आला आणि त्याच्या बसायच्या जागेवर आपटून आत गेला. त्याला कळलंच नाही. तो दुसरा मोजा ओढायला लागला.

चष्मेवाला : एकतीस वर्षांनी पलीकडच्यांवर चढाई केली ती ढुंगणानं.

बायको : जोरात आपटला पण. मला पायरीवर आवाज आला.

चष्मेवाला : दुसरा?

बायको : दुसरा त्यांच्या गोलकीपरमुळे झाला. त्याच्या हातात बॉल होता. तो आपल्या लोकांच्या पायऱ्यांकडे बघून हसत होता, कारण पायऱ्या रिकाम्या होत चालल्या होत्या. मग त्यानं बॉल खाली ठेवला आणि बुटाची नाडी बांधायला बसला. आपला नऊ नंबर, जाडा, काखेत जर्सी उसवलेला, तो मागून हळूच आला आणि बॉल घेऊन आत गेला. चालतच गेला. मला वाटलं, चोरी धरतील.

चष्मेवाला : नाही. ते नियमात बसतं. खाली ठेवला की बॉल सगळ्यांचा.

बायको : रेफरीही तसंच काहीतरी म्हणाला. पलीकडचे त्याच्या अंगावर धावून गेले होते.

चष्मेवाला : आणि आपली माणसं? त्या वेळी तरी पायऱ्यांवर किती होती?

बायको : त्या वेळी कोपऱ्यात दोघं होती. तीही उठत होती. त्यांची पाठ होती मैदानाकडे.

चष्मेवाला : आम्ही सगळे पार्किंगमध्ये होतो. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. सगळे आपापल्या चाव्या शोधत होते.

(दार वाजतं. शेजारच्या दवाखान्यातला कंपाउंडर आत येतो. तोही एकतीस वर्षं त्याच पायऱ्यांवर बसत आलेला.)

कंपाउंडर : चष्मेवाले, पाहिलंत? आता डोळे मिटले तरी चालेल.

चष्मेवाला : पाहिलं. पाहिलं म्हणजे काय, समोरच तर बसलो होतो.

कंपाउंडर : मीही तिथेच. आपल्या नेहमीच्या जागेपासून जरा डावीकडे.

चष्मेवाला : तरीच दिसला नाहीत.

कंपाउंडर : काय तो तिसरा गोल. हवेत झेप घेतली आणि डोक्यानं असा कोपऱ्यात.

चष्मेवाला : डोक्यानं. हो. कोपऱ्यात.

कंपाउंडर : वरच्या कोपऱ्यात.

चष्मेवाला : वरच्याच. खालचा कोपरा नव्हताच तो.

कंपाउंडर : आणि लोकांचा तो कल्ला. माझे कान अजून बधिर आहेत. वहिनी, तुम्हीही होतात ना? तुम्ही सांगा, कसलं दणाणलं होतं मैदान.

बायको : मला त्यातलं काही कळत नाही, भाऊजी. मी काजं करत होते.

कंपाउंडर : बरं, मी मुद्दाम आलो ते यासाठी. सेक्रेटरीसाहेबांचा फोन होता. क्लबच्या खोलीत बोर्ड लावायचाय, आजचे तिन्ही गोल कसे झाले ते लिहून. ते म्हणाले, मी बघितलेत, पण मला लिहायला जमत नाही. म्हटलं, चष्मेवाल्यांचं अक्षर चांगलं आहे. त्यांनी नजरेनं टिपलेलं कधी चुकत नाही.

चष्मेवाला : सेक्रेटरीही होते का शेवटपर्यंत?

कंपाउंडर : म्हणजे काय. माझ्या शेजारी तर होते.

चष्मेवाला : मी जरा पाणी पिऊन येतो. घसा बसलाय, ओरडून.

कंपाउंडर : या, या. — वहिनी.

बायको : बोला.

कंपाउंडर : दुसरा गोल कोणी केला हो?

बायको : नऊ नंबरनं.

कंपाउंडर : जाड्यानं? बरं. आणि डोक्यानं होता का एखादा?

बायको : नव्हता.

कंपाउंडर : ह्यांना सांगू नका. मी गाडी काढत होतो. हेही काढत होते. आम्ही एकमेकांच्या समोर उभे होतो, वहिनी, एवढ्या अंतरावर. मी ह्यांना पाहिलं, ह्यांनी मला पाहिलं. मग मी आरशात केस विंचरायला लागलो आणि ह्यांनी टायरला लाथ मारून हवा बघितली.

बायको : मी कशाला सांगू.

कंपाउंडर : घरी पोचतो तोच तीन-दोनची बातमी आली. बायकोनं विचारलं म्हणून सगळं सांगत बसलो. शेजारचे आले, त्यांना सांगितलं. तिसऱ्या खेपेला मलाच दिसायला लागलं. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. आता ते परत कसं घेणार?

चष्मेवाला : काय म्हणताय?

कंपाउंडर : काही नाही, वहिनींना सांगत होतो, नशीबवान आहात. येतो मी. बोर्डाचं तेवढं उद्यापर्यंत बघा. वरचा कोपरा विसरू नका.

चष्मेवाला : गेला?

बायको : गेले.

चष्मेवाला : तो नव्हता तिथे.

बायको : हो.

चष्मेवाला : सेक्रेटरीही नव्हते. मला ओव्हरटेक करून गेले ते. म्हणजे अख्ख्या गावात हे तिन्ही गोल बघितलेलं माणूस एकच. तेही गोल म्हणजे काय हे मला विचारणारं.

बायको : आज विचारलं नाही हो मी.

चष्मेवाला : तिसरा सांग. मी लिहून घेतो. तू सांगशील तसंच लिहिणार. तोही कोणाच्या ढुंगणावर आपटला असेल तर तसंच लिहीन.

बायको : नाही. तिसरा चांगला होता.

चष्मेवाला : चांगला म्हणजे कसा?

बायको : कसं सांगू? आपल्या गोलकीपरनं बॉल हळूच शेजारी दिला. त्यानं पुढच्याला. त्यानं डावीकडच्याला. कोणी धरून ठेवला नाही, प्रत्येकानं एकदाच पाय लावला. खाली, वर, खाली, वर. कच्चा धावदोरा घालतो ना आपण, कापड हाताखालून सरकत जातं आणि टाका आपोआप पडत जातो, तसं. त्यांची माणसं मध्ये नुसती उभी होती. मी उठून कधी उभी राहिले ते मला कळलं नाही. शर्ट खाली पडला, सुई हरवली. अजून सापडली नाही.

चष्मेवाला : शेवटचा पाय कोणाचा?

बायको : चार नंबरचा.

चष्मेवाला : चार नंबर मागे असतो. बचावाला. तो टकला. नीट आठव.

बायको : टकलाच. त्याच्या पाठीवरचा चार घरी शिवलाय, हातानं, काळ्याऐवजी निळ्या दोऱ्यानं. मी चुकणार नाही. तोच मागून धावत आला.

चष्मेवाला : सोळा वर्षं खेळतोय तो. सोळा वर्षांत एक गोल नाही. सायकलचं दुकान चालवतो, गुडघा गेलाय. मी दर मॅचला त्याला ओरडून सांगतो, घरी जा, पंक्चर काढ.

बायको : हो. तो म्हणाला मला.

चष्मेवाला : कोण म्हणाला?

बायको : गोल झाल्यावर तो पायऱ्यांकडे धावत आला. दोन्ही हात पसरून, गुडघा ओढत. बाकीचे तिकडे एकमेकांच्या अंगावर पडत होते, हा एकटा इकडे. जाळीपाशी येऊन थांबला. बघतो तर वर मी एकटी.

चष्मेवाला : मग?

बायको : मी टाळ्या वाजवल्या. एकटीच्या टाळ्या कशा वाटतात ठाऊक आहे? दार वाजवल्यासारख्या. तो धापा टाकत होता. मला विचारलं, सगळे गेले? मी म्हटलं, हो. तर म्हणाला, ते तिसऱ्या पायरीवरचे काकाही गेले? मला पंक्चर काढ म्हणतात ते?

चष्मेवाला : त्यानं असं विचारलं?

बायको : म्हणाला, बाकीचे टाळ्या वाजवतात, गप्प बसतात. ते एकटेच सोळा वर्षं माझ्याशी बोलतायत. त्यांनी बघायला हवं होतं.

चष्मेवाला : तू काय सांगितलंस?

बायको : मी म्हटलं, ते माझेच. गेलेत म्हणायला जीभ रेटेना माझी. तेवढ्यात भिंतीपलीकडून हॉर्न वाजला.

चष्मेवाला : माझा होता तो.

बायको : आपल्या गाडीचा मला ओळखू येतो.

चष्मेवाला : तू येईनास म्हणून वाजवत होतो. चिडून. बोट उचललंच नाही मी.

बायको : हो, लांबच लांब वाजत होता. मी त्याला म्हटलं, ते बघा, ते बाहेर आहेत.

चष्मेवाला : आणि त्याला वाटलं...

बायको : त्यानं भिंतीकडे तोंड केलं आणि दोन्ही हात वर केले. डोळे मिटून उभा राहिला.

चष्मेवाला : किती वेळ?

बायको : तुम्ही थांबेपर्यंत.