वहिनीनं आणलेला रस्ता

अबे, आमच्या वस्तीचा डांबरी रस्ता कोणं आणला, माहीत हाये? आमच्या वहिनीनं!

पह्यले सरपंचाले आम्ही सांगू सांगू थकलो. त्याईचा एकच जवाब, "फंड नाई." पावसाळ्यात भाजीची गाडी वस्तीत येतच नव्हती, टमाटे वावरातच सडत. मंग त्याच सरपंचाची पोरगी माह्या मोठ्या भावाले देली.

पह्यल्या पंचमीले सरपंच सोता पोरीले माहेरी न्याले आले. जीप नाल्यापाशी फसली. पायजमा गुडघ्यावर, जोडे हातात, असे आंगणात उभे.

"चाल पोरी, घे पिशवी."

वहिनी जागची हालली नाई. "बाबा, मी या चिखलातून नाई येत. रस्ता करा, मंग न्याले या."

"अवं, पण फंड..."

"मंग मी इथंच बरी."

सरपंच तसेच वापस गेले, जोडे हातात घेऊन. अन् दिवाळीच्या आधी रोलर आला! फंड कुठून निंगाला, कोणीच इचारलं नाई.

आता व्यापाऱ्याची गाडी थेट बांधावर येते, भाजी त्याच दिवशी आर्णीच्या बजारात जाते. खरं सांगतो, गाडीचा हॉर्न आयकला का मी मनातल्या मनात वहिनीच्या पाया पडतो.

आता वस्तीले नळ पाह्यजे. यंदा सरपंच नवा हाये. काल माय मले म्हणे, "त्याच्या घरी लग्नाची पोरगी हाये म्हणते."

मी कायले मांगं राहू? सकाळीच कटिंग करून आलो.