जिवंत आईचा चष्मा

चष्म्याच्या दुकानात आत्याबाई आपल्या पाळीची वाट बघत बसल्या होत्या. डोळे अधू झाले होते, पण कान शाबूत होते. शेजारच्या बाकावर मायलेकांची जुंपली होती.

“आई, आज माझ्या भाषणाला येऊ नकोस.”

“का रे? लोकांना हिंमत देतोस म्हणे. तेच ऐकायला चष्मा करतेय.”

“ऐकायला चष्मा कशाला?”

“तोंड दिसल्याशिवाय तुझं खोटं पकडता येत नाही.”

“तेच तर... भाषणात मी तुझी गोष्ट सांगतो.”

“मग लाजतोस कशाला?”

“त्या गोष्टीत तू वारलेली असतेस.”

“अगं बाई! कधी गेले मी?”

“माझ्या दहावीच्या निकालादिवशी.”

“त्या दिवशी तर नापास झालास म्हणून तुला झाडूने बदडलं होतं!”

“त्याला टाळ्या पडत नाहीत, आई. तू गेलीस की अख्खं सभागृह रडतं. त्या गोष्टीवरच माझं नाव झालंय. तुला कुणी ओळखलं तर माझं दुकान बंद!”

“लोकांना रडवून घरी धाडतोस आणि त्याला हिंमत म्हणतोस? मी पहिल्या रांगेत बसणार. तू मला गोष्टीत मारलंस की उभी राहणार, आणि झाडूची गोष्ट मीच सांगणार.”

“लोक हसतील गं!”

“हसू देत. मेलेली आई उठून उभी राहिली, याहून मोठी हिंमत तू कुठून आणणार आहेस?”

तेवढ्यात दुकानदाराने आत्याबाईंना हाक मारली. त्या जागच्या हलल्या नाहीत.

“आधी या बाईंचा चष्मा करा,” त्या म्हणाल्या. “त्यांना संध्याकाळपर्यंत जिवंत व्हायचंय.”