थेंबानं रुसलेलं चॉकलेट

धडाम्! ...असा आवाज यायचा हो, आमच्या भट्टीचं लोखंडी दार लावलं की! मी सहा वर्षांचा होतो, वडिलांनी ते लावलं तेव्हा पहिल्यांदा ऐकला, आणि तुम्हाला सांगतो, असा दचकलो की हातातला पाव टाकून पळालो, आणि पुढे तेच दार मी स्वतः बेचाळीस वर्षं आपटलं, आणि आता या वयात माझी लेक मला दाखवते की भट्टीवाचूनही भागतं! भट्टीच नाही हो! धग नाही, धूर नाही, भुवया जळणं नाही... मग त्याला बेकरी म्हणायचं तरी कशाला?

झालं काय, ईस्टरच्या आदल्या दिवशीच भट्टीच्या कमानीची वीट खाली आली. गवंडी आला, आत डोकं घालून बराच वेळ बसला, बाहेर आला तो काळा ठिक्कर, आणि म्हणतो कसा, "काका, चार दिवस हिला हात लावायचा नाही. म्हातारी झाली." आणि हे म्हणताना बघतोय माझ्याकडे! आता सकाळी माणसं येणार, फळ्यांवर ठेवायचं काय? माझं डोकं?

बेकरी आता लेकच चालवते. आणि इथेच खरी मेख आहे, कारण लेक माझ्याशी सात आठवडे बोलत नव्हती. का? तर भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, मी तिचा पाव दाबून बघितला आणि म्हणालो, "याला पाव म्हणतात?" बस्स! तीन शब्द! तेव्हापासून आमच्या घरात टपालखातं सुरू झालं, आणि पोस्टमन कोण, तर आमची ही. मी समोर हातभर अंतरावर बसलेला, आणि लेक म्हणणार, "आई, बाबांना सांग, चहा निवतोय." ही म्हणणार, "अहो, चहा निवतोय." अहो, बहिरा नाही मी! बरं, मी प्रयत्न केले नाहीत असंही नाही. एकदा म्हणालो, "आज बरा झालाय पाव." एकदा नुसताच खाकरलो.

तर लेक रडली नाही, ओरडली नाही, बाह्या सरसावल्या. पातेल्यात पाणी कढवलं, त्यावर काचेचा वाडगा, वाडग्यात चॉकलेटचे तुकडे. आणि ते वितळायला लागलं... तुम्हाला सांगतो, मी आयुष्यभर पीठ बघितलं. पीठ म्हणजे गरीब घरचं लेकरू. पण हे चॉकलेट! इतकं चकचकीत की त्यात मला माझं नाक दिसलं! त्यात कॉर्नफ्लेक्स कालवायचे, चमच्यानं कागदी वाट्यांत घालायचे, वर साखरेची चिमुकली तीन अंडी, की झालं घरटं. फ्रिजमध्ये ठेवा, संपलं. भट्टीच नाही हो!

मला राहवेना. म्हटलं, आपणही हात लावावा, तेवढीच सलगी. आता पाववाल्याची सवय काय? पिठाला शिवण्याआधी हात ओला करायचा, नाहीतर चिकटतं. मी ओल्या हातानं चमचा उचलला, बोटावरून एक थेंब पडला... एक! आणि अख्खा वाडगा आळला! ओल्या वाळूसारखा रवाळ, घट्ट, चमचा उभा राहील असा! पीठ पाण्यानं सैल होतं हो, आणि हे आवळतं? हा कुठला न्याय?

लेकीनं बघितलं. माझ्याकडे नाही, वाडग्याकडे. "आई, बाबांना सांग, चॉकलेट थेंबानं रुसतं."

मी म्हटलं, संपलं. आता सात आठवड्यांची सात वर्षं होणार. पण तिनं कढत दूध घेतलं, चांगलं पेलाभर, आणि दिलं ओतून! मी ओरडलो, "अगं, थेंबानं ही दशा, आणि तू पेला ओततेस?" ती आपली ढवळत राहिली, वाडग्याच्या मधोमध, हळूहळू... आणि ते सुटलं! लोण्यासारखं! पुन्हा माझं नाक! मी हात जोडले हो. थेंबानं रुसतं आणि पेलाभर ओतलं की खुलतं... बेचाळीस वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं!

घरट्यांना ते चालणार नव्हतं, मऊ पडतात म्हणे, तर तिनं ते गार करून त्याचीच अंडी वळली, कोकोत घोळवली. मीही वळायला गेलो, तर माझ्या तळव्यांत ती पाघळायला लागली. आमची ही म्हणाली, "तुमचे हातच भट्टी आहेत, व्हा बाजूला." झालो बाजूला, आणि बघत बसलो. लेकीच्या अंगठ्याची एक फिरकी, की अंडं. दुसरी फिरकी, दुसरं अंडं, हुबेहूब पहिल्यासारखं... ही लय माझ्या वडिलांच्याही हातात नव्हती. तोंड उघडं राहिलं माझं.

सकाळी दुकान भरलं. फळ्या गच्च, आणि भट्टीच नाही हो! पण माझ्या डोक्यात एकच, की मी तर सात आठवडे नुसते थेंबच टाकत होतो, "बरा झालाय" काय, खाकरणं काय! उठलो, काउंटरपुढे उभा राहिलो. त्या दिवशीची निम्मी माणसं तिथेच होती. आणि मी, ज्याचा आवाज घरातलं मांजरसुद्धा मनावर घेत नाही, मोठ्यानं म्हणालो, "मंडळी, हिच्या पावाला मी नावं ठेवली, ते चुकलं माझं. पाव चांगला होता. ही माझ्याहून मोठी कारागीर आहे, आणि ते मला तेव्हाही ठाऊक होतं, म्हणून तर तसं बोललो."

एका बाईंनी तोंडात घालायला उचललेलं अंडं तसंच धरून ठेवलं. लेकीनं बघितलं... माझ्याकडे, बरं का! चांगले दोन क्षण! मग रिकामा ट्रे उचलला आणि आत निघून गेली. एक शब्द नाही!

असू दे. पेल्यानं भागलं नाही, उद्या बादली आणतो.