साहेबाचं ग्रहण

मंडळी, एक सांगा, 'चुकलो' म्हटल्यानं माणसाची उंची घटते की वाढते? कोण म्हणालं घटते? काका, तुम्ही? बसा, तुमच्यासाठीच आख्यान लावलंय!

तर ऐका! नदीकाठच्या एका गावात हॉलवेल नावाचा विलायती साहेब कॉलेजचा प्रिन्सिपॉल होता. बावीस वर्षांपूर्वी घोड्यांच्या पागेत अकरा पोरं घेऊन बसला, आता झाली चारशे! गणितात वाघ! पण वाघाला नाकावर माशी बसलेली खपायची नाही, हो!

एकदा सूर्यग्रहण आलं. साहेबानं आकडेमोड केली, फलकावर लावलं— 'दहा वाजून दहा मिनिटांनी ग्रहण लागेल.' बी.ए.च्या वर्गातला विसू जोशी उभा राहिला. बाप पंचांग सांगणारा! म्हणाला, "साहेब, आपल्या गावच्या सूर्यावर केलेलं गणित बिनचूक. पण कॉलेजचं घड्याळ आपण स्टेशनवरून लावलंत. रेल्वेचं घड्याळ मद्रासच्या सूर्यावर चालतं. आपला सूर्य त्याच्या अर्धा तास मागं! या घड्याळात दहा-चाळीसच्या आत काही दिसायचं नाही."

साहेब लालबुंद! "जोशी, उद्या खोटा ठरलास तर कॉलेजातून नाव काढीन!" विसूच्या घरी त्या दिवशी कुणाला घास गोड लागला नाही.

दुसऱ्या दिवशी पटांगणात सगळं गाव! खुर्चीत कलेक्टर! कॉलेजच्या भिंतीवरच्या मोठ्या घड्याळात दहा-दहा झाले, सूर्य आपला लखलखीत! दहा-वीस, तरी काही नाही! साहेबाच्या ध्यानात आलं— पोरगं खरं बोललं होतं!

कलेक्टर कानाशी लागला, "पुस्तकातला आकडा चुकीचा छापलाय, असं सांगून टाका. नेटिव्हांपुढं मान कशाला खाली घालता?"

मंडळी, खोटं बोलायला काय लागतं? काही नाही! खरं करायला साहेबानं शिडी मागवली! भर सभेत वर चढला. आपल्या हातानं काटे अर्धा तास मागं घेतले आणि मोडक्यातोडक्या मराठीत गरजला, "गावकरी लोक! जोशी खरा! मी चुकला!"

आणि काटा पुन्हा दहा-दहावर आला— सूर्याची कड काळी पडली! काय तो जल्लोष! स्नानाला निघालेले लोक नदी विसरले! साहेबानं विसूला छातीशी धरलं. कलेक्टरचं नाव आज गावात कुणाला आठवत नाही. हॉलवेल साहेबाचं नाव घेताना म्हातारी माणसं अजून हात जोडतात!

आता तुम्ही घरी जाल. सकाळी सुनेशी, धाकट्या भावाशी तंडून आलायत, ठाऊक आहे मला! चूक कुणाची, ते तुम्हाला ठाऊक आहे! मग चपला काढायच्या आधी, दारातच, मोठ्यानं म्हणून टाका. देव आत वाट बघतोय!