किती घट्ट

फिजिओथेरपीच्या दवाखान्यात नंबराची वाट बघणाऱ्या शिंपीणकाकूंची मान पट्ट्यात अडकली होती, कान मात्र मोकळे होते. शेजारी बाप-लेक येऊन बसले. मुलीच्या मांडीवर टेनिसची रॅकेट होती, कोपरावर बर्फाची पिशवी.

"सांगितलंस डॉक्टरांना, रॅकेटच्या तारा मी घरीच ओढतो म्हणून?"

"सांगितलं. तर म्हणाले, इतक्या घट्ट कशाला?"

"सैल ओढल्या की चेंडू रेषेबाहेर जातो."

"जाऊ दे ना, बाबा! साधा चमचा उचलला तरी कळ येते मला."

"कधी बोलली नाहीस."

"सुट्टीचा अख्खा दिवस तुम्ही त्या तारा ओढायच्या मशीनशी झटायचात. काय बोलणार?"

रॅकेटच्या तारांवरून बोट फिरल्याचा आवाज आला. काकूंना वळून बघताही येईना.

"घरी गेलो की या तारा कापून टाकू."

"सगळ्या?"

"सगळ्या. मधून सुरुवात करायची आणि कडेकडे जायचं, नाहीतर फ्रेम वाकते."

"आणि नव्या?"

"ओढणार मीच. किती घट्ट, ते तू सांगायचं."

"आणि चेंडू बाहेर गेला तर?"

"गेला तर गेला. आणून द्यायला मी आहे ना!"